शरबतीचा सायलेन्सर

मावठा पहाटेपासून लागून होता. पाऊस म्हणावा तर अंग भिजत नव्हतं, नाही म्हणावा तर चष्म्यातून काही दिसत नव्हतं. माघातली थंडी आणि वरून हे चिरचिरं पाणी. नंदानगरच्या गल्लीत बाळकृष्ण सुपेकर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आपल्या पिकअपच्या हौद्यात उभा होता आणि खराट्याने घोडीची लीद मागे ओढत होता. सुकी लीद एका फटकाऱ्यात निघते. भिजलेली निघत नाही, पसरते.

“अहो, पाणी गल्लीत सोडू नका,” दारातून सुलोचना म्हणाली. “मागच्या वेळेस सफाईवाल्या साहेबांनी फोटो काढला होता.”

“मग कुठं सोडू? पिऊन टाकू?”

“पत्र्याच्या पाटीत भरा, गुलाबांना घालते. आणि सकाळी सकाळी माझ्यावर कशाला चिडता? घाटात गाडीचा दम मी काढला का?”

बाळकृष्णाने खराटा तेवढा जोरात मारला. काल भेरूघाटात जे झालं ते त्याने घरी आल्याबरोबर इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं होतं की आता गल्लीतल्या प्रत्येकाकडे त्यावर एकेक इलाज तयार होता.

झालं होतं असं. लग्न सिमरोलच्या पुढे, घाटाखालच्या कुठल्याशा रिसॉर्टात. जाताना उतार, सगळं ठीक. परतीला चढ लागला आणि पिकअपने मान टाकली. पहिल्या गिअरात रांगायला लागली, मागून काळा धूर. सायलेन्सरची नळी मागच्या चाकापुढे, बाजूला निघते. गाडी पळत असली तर धूर मागे जातो. रांगत असली की वळून हौद्यात चढतो. हौद्यात नवरदेवाला मिरवणारी घोडी, शरबती. ती जी खोकायला लागली ती घाट संपेपर्यंत खोकतच होती. शेवटी मांगीलालजी, तिचे मालक, खाली उतरले आणि आपला फेटा सोडून तिच्या नाकाला धरून गाडीबरोबर चालत राहिले. मागून एक बस हॉर्न मारत होती. बसमधला एक जण म्हणाला, “काकाजी, घोडी को आगे जोत दो, जल्दी पहुँचोगे.”

ते वाक्य बाळकृष्णाला रात्रभर झोपू देत नव्हतं.

या पांढऱ्या घोडीशी त्याचं नातं सांगायला हवं. बाप मिलमध्ये होता, मिल बंद पडली, मुलगा गाडीवर आला. वीस वर्षं त्याने मांडवांचे बांबू आणि खुर्च्या वाहिल्या. खुर्च्या वाहणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. मग शरबती आली. ती पूर्वी दुसऱ्याच एका गाडीच्या फळीवरून घसरून पडली होती, आणि तेव्हापासून कुठल्याही गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती. मांगीलालजी तिला खजरान्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत चालवत न्यायचे. एकदा त्यांच्या तबेल्यासमोर बाळकृष्ण गाडी चालू ठेवून कुणाची तरी वाट बघत उभा होता. शरबती आपणहून आली, फाळक्याला नाक लावलं आणि डोळे मिटून उभी राहिली. इंजिनाची ती मंद गुरगुर तिला काय सांगत होती ते तिलाच ठाऊक. बाळकृष्णाने फळी लावली. ती चढली.

तेव्हापासून ती फक्त याच गाडीत चढते. आधी इंजिन चालू करायचं, जरा गुरगुरू द्यायचं, कान पुढे आले की फळी. छडी नाही, ओढाताण नाही. मांडवात लोक बघायला जमतात. आता खजरान्यापासून राऊपर्यंत बाळकृष्णाला ओळख आहे: शरबतीचे बाळूभिया.

आणि काल घाट संपल्यावर तिला खाली उतरवून पुन्हा चढवताना शरबती मागे सरली होती. एकच पाऊल. मांगीलालजींनी आणि त्याने, दोघांनीही ते बघितलं. आता आणखी एकदा धूर नाकात गेला तर ती याही गाडीवर कायमची रुसेल, अशी बाळकृष्णाला धास्ती होती. राऊचं लग्न उद्यावर होतं.

“काका, मी रात्रभर रिसर्च केला,” वरच्या जिन्यावरून निशांत म्हणाला.

निशांत म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. चिंचवडचा मुलगा, पीथमपूरला एका कंपनीच्या ऑफिसात. कंपनीने त्याला बॅटरीवरची कार दिली होती. तिचा आवाज सुलोचनाच्या फ्रीजएवढाही नव्हता. म्हणूनच की काय, तो रोज संध्याकाळी मोबाइलवर दुसऱ्यांच्या गाड्यांचे एक्झॉस्ट ऐकत बसायचा, हेडफोन लावून, लोक गाणी ऐकतात तसे.

“तुझ्या रिसर्चमध्ये घोडी होती का?”

“घोडी नव्हती. पण सेम लोड. काका, स्टेज वन रिमॅप करा. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलतात फक्त. कमी आरपीएमला टॉर्क वाढतो, म्हणजे घाटात गाडी दबणार नाही. आणि सोबत फ्री-फ्लो एक्झॉस्ट. इंजिनाला श्वास घेऊ द्या.”

“तिकडे घोडीला श्वास येईना, आणि तू इंजिनाचं घेऊन बसलास.”

“भिया, चिप डलवा लो,” समोरच्या ओट्यावरून दात घासता घासता कुणीतरी म्हणालं.

“चिप नको, जाळी काढून टाका पाइपातली,” दुसऱ्याने सांगितलं. “माझ्या साडूने काढली.”

“तुझ्या साडूची गाडी सहा महिने उभी आहे!” बाळकृष्ण ओरडला. “जास्ती दिमाग नका लावू कुणी. मी समीरकडे चाललो.”

समीरचं गॅरेज पाटनीपुऱ्याच्या मागे. तीस-बत्तीसचा पोरगा, हात काळे, केस बाकी रोज विंचरलेले. निशांतही आला, खिशातून एक डबी काढली, गाडीच्या सॉकेटात खोचली आणि मोबाइलवर आकडे बघू लागला. “बूस्ट कमी आहे,” तो म्हणाला. “टर्बोची हवा इंजिनापर्यंत पूर्ण पोचत नाहीये.”

समीरने त्याच्याकडे तोंड वाकडं करून पाहिलं, पण बॉनेट उघडून जाड रबरी होस चाचपला, आणि खालच्या अंगाला त्याचं बोट आत गेलं.

“छोरा सही कै रिया है, भिया. फट गया है. हवा सारी यहीं से भाग री थी. इसीलिए काला धुआँ.”

“तो होस बदल दे. एअर फिल्टर भी बदल दे. हो गया काम.”

पण गॅरेजमध्ये काम एवढ्यावर कधी संपतं? समीरने कपड्याला हात पुसले. “अब खुली ही है तो सुनो. मेरा एक दोस्त है, लॅपटॉप से मॅप चढा देगा. गाडी उडेगी.”

“बघा, मी तेच म्हणत होतो,” निशांत म्हणाला. आत्तापर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे अचानक सख्खे झाले. बंपर, नळी, पाइपची जाडी, आवाज भारी की पातळ. बाळकृष्ण मध्ये उभा. मुलगी बघायला जावं आणि मागच्या खोलीत सगळं ठरून जावं, तसं त्याला वाटायला लागलं.

“समीर,” तो म्हणाला, “पीछे घोडी खडी रेती है. गाडी उडेगी तो वो क्या करेगी?”

निशांतने मोबाइल खिशात घातला.

“मॅप नी चढाना. होस और फिल्टर. सायलेन्सर का मैं सोच के फोन करता हूँ.”

कारण धुराचा प्रश्न राहिलाच होता. गाडीने दम धरला तरी सिग्नलला, गर्दीत, वरातीच्या मागे ती रांगणारच, आणि रांगली की धूर हौद्यात. नळीचं तोंड हलवायलाच हवं होतं.

संध्याकाळी तो ओट्यावर बसला, हातात फोन, शेजारी निशांत. मावठा थांबला होता, पण थंडी हाडांत शिरत होती. सुलोचना लसूण सोलत होती.

“नळी वर काढा, काका,” निशांत म्हणाला. “केबिनच्या मागून सरळ उभी. परदेशात मोठ्या ट्रकांना असते तशी. लुकपण भारी.”

“अरे, वर कसली? घोडीचं तोंड तिथंच असतं!”

“मग साइडला—”

“साइडलाच तर आहे आत्ता! अरे बाबा, धूर वर चढतो म्हणून तर सगळी बोंब. खाली पाहिजे. जमिनीकडे. खाली, खाली!” फोन लागला होता. “हां, समीर. सुन. वो लुक-फिक कुछ नी चइये. बस, सायलेन्सर खाली कर दे.”

“खाली?” समीरच्या आवाजात आदर उतरला. “पूरा खाली, भिया?”

“जितना हो सके उतना.”

“अरे वा! बाळूभिया को भी शौक चढ गया.”

“शौक नी है, मजबूरी है. कल दोपहर को ले जाऊँगा.”

फोन ठेवून तो सुलोचनाला म्हणाला, “बघ, एका मिनिटात काम झालं. माणसाने साफ बोलावं.”

रविवारी दुपारी तो गॅरेजवर पोचला तेव्हा समीर हसत उभा होता. निशांत कारने आला होता आणि सुलोचनाही त्याच्याबरोबर, कारण पुढे खजरान्याला गणपतीचं दर्शन होणार होतं.

“मारो सेल्फ,” समीर म्हणाला.

बाळकृष्णाने किल्ली फिरवली.

जो आवाज निघाला त्याने पत्र्यावरचे कावळे उडाले. हातगाडीखालचा कुत्रा गल्लीच्या टोकाला जाऊन मग भुंकला. बाळकृष्णाला आधी वाटलं, काहीतरी फुटलं. त्याने किल्ली बंद केली, खाली उतरून वाकून बघितलं. नळीचं तोंड होतं तिथंच होतं. बाजूला. चाकापुढे. सायलेन्सरच्या पोटावर मात्र वेल्डिंगची नवी कोरी शिवण होती.

“ये क्या कर दिया रे?”

“खाली कर दिया!” समीर म्हणाला. “पेट चीर के अंदर का सारा माल बाहर. जाली, नलियाँ, पतरे, कुछ नी छोडा. एकदम खाली. आवाज देखी?”

“मैंने नीचे करने को बोला था! नीचे!”

“नी भिया. आपने बोला, खाली कर दे. मैंने पूछा भी, पूरा खाली? आप बोले, जितना हो सके.”

बाळकृष्णाचा जन्म इथं, शाळा इथं, भांडणं हिंदीत, जेवण मराठीत. आयुष्यात एकदाही त्याने खाली आणि नीचे यांत गल्लत केली नव्हती. काल केली. या चिंचवडकराशी मराठीत डोकं फोडता फोडता तोच शब्द तसाच फोनमध्ये सांडला होता. आणि समीरने, बिचाऱ्याने, हिंदीत ऐकलं होतं: रिकामा कर.

निशांतला सगळ्यांत आधी कळलं. तो कारच्या टपावर डोकं टेकवून हसायला लागला.

“हसू नको,” बाळकृष्ण म्हणाला. “तुझ्यामुळे झालं.”

“काका, मी काय केलं?”

“मराठी बोललास!”

जुना माल भंगारात गेला होता, आणि रविवार म्हणून छोट्या ग्वालटोलीतली पार्टांची दुकानं बंद. समीरने कान पकडले, उद्या सकाळी दुसरा सायलेन्सर बसवतो म्हणाला. पण वरात आज होती.

खजरान्याच्या रस्त्यावर पिकअपला आता खरोखर दम होता. पाय नुसता टेकवला की झेप. बाळकृष्णाला त्या झेपेचा इतका राग आला की तो सगळा रस्ता तिसऱ्या गिअरात आला.

तबेल्यासमोर गाडी थांबली तेव्हा शरबती सजलेली उभी होती. कपाळावर गोंडे, पायांत घुंगरू. भडभड ऐकताच तिचे कान मागे गेले, मान वर, आणि ती मांगीलालजींना दोरीसकट ओढत तबेल्याच्या भिंतीला जाऊन चिकटली.

“बाळू भई, यो कईं कर दियो?” मांगीलालजी मालवीत म्हणाले. “म्हारी घोडी थारी गाडी को नी ओळखे.”

गाडी ओळखीचीच होती. रंग तोच, फळी तीच, माणूस तोच. पण तिच्या लेखी हे कुणी दुसरंच आलं होतं. बाळकृष्णाने इंजिन बंद केलं. शरबती जरा पुढे आली. चालू केलं. भिंतीला. पुन्हा बंद. मांगीलालजींनी आभाळाकडे पाहिलं, ऊन उतरायला लागलं होतं. राऊपर्यंत चालत न्यायचं तर नवरदेव मांडवात पायी जाऊन पोचला असता.

“चढवा तिला गाडी बंद ठेवून,” सुलोचना म्हणाली.

“आणि गाडी मग ढकलत नेऊ राऊला?”

“याच्या कारला बांधा ना! हिचा आवाज येतो कुठं?”

सगळ्यांनी कारकडे बघितलं. मग निशांत म्हणाला, “ओढेल. सपाट रस्ता आहे, हळूहळू नेऊ.” मांगीलालजींनी आतून जाड दोरखंड आणला.

पण मुकी गाडीही शरबतीला पटेना. ती फळीपाशी आली, थांबली, फाळक्याला नाक लावलं. कान फिरवत राहिली. काहीतरी ऐकायला हवं होतं आणि ते येत नव्हतं. एक खूर फळीवर ठेवला, काढला. पुन्हा ठेवला, काढला.

बाळकृष्णाने आजूबाजूला बघितलं. हारवाले, फुलवाले, दर्शनाला आलेली माणसं, सगळी थांबली होती. तो शरबतीजवळ गेला, एक हात तिच्या मानेवर ठेवला, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि घशातून, अगदी खालच्या पट्टीत, आवाज काढायला लागला.

“घुर्रर्र... टक... घुर्रर्र... टक...”

ते ‘टक’ही त्याने सोडलं नाही. इंजिनात ते होतं, वर्षानुवर्षं होतं, समीरकडे कितीदा तक्रार करूनही गेलं नव्हतं.

फुलवाल्यांपैकी कुणीतरी खिदळलं. मांगीलालजींनी त्याच्याकडे असं बघितलं की ते तिथंच थांबलं. शरबतीचे कान पुढे आले. बाळकृष्ण गुरगुरत उलटा फळीवर चढला, ती त्याच्या मागे चढली. एक, दोन पावलं, मग सगळी. घुंगरू वाजले आणि थांबले.

“इतकी वर्षं झाली,” सुलोचना निशांतला म्हणाली, “माझ्या कानाशी कधी एवढं बोलले नाहीत.”

रिंग रोडवर ते एक दृश्यच झालं. पुढे पांढरी, आवाज नसलेली कार, मागे दोरखंडाला बांधलेली पिकअप, हौद्यात गोंडे लावलेली घोडी. इंजिन बंद, म्हणून स्टिअरिंग दगडासारखं, ब्रेकवर दोन्ही पाय दाबावे लागत होते. सिग्नलला एक स्कूटरवाला खिडकीशी आला.

“क्या हुआ भिया, गाडी खराब हो गई?”

“नी,” बाळकृष्ण दात खाऊन म्हणाला. “बहोत अच्छी हो गई.”

नवरदेव घोडीवर बसला, वरात निघाली. डीजेच्या गाडीवर भिंतीएवढे स्पीकर. छातीच्या बरगड्या हलत होत्या. आणि त्या सगळ्या गोंधळात शरबती पाय उचलून, मान डोलावून नाचत होती, जशी काही अंगणात उभी आहे.

बाळकृष्ण रस्त्याकडेला उभा राहून बघत होता. “हे चालतं हिला?” तो मांगीलालजींच्या कानात ओरडला. “हे चालतं, आणि मग माझ्याच आवाजाशी काय दुश्मनी?”

मांगीलालजी बिडी हातात घेऊन विचार करत राहिले. “ऊ आवाज पराया को हे,” ते म्हणाले. “थारो घर को हे. घर को बदली जाय तो चमके.”

बाळकृष्ण पिकअपपाशी गेला. वाकून नळीकडे पुन्हा एकदा बघून आला.

सोमवारी सकाळी तो समीरसमोर जमिनीवर उकिडवा बसला. बोट रस्त्याकडे केलं. “नीचे. ये देख. रोड की तरफ. और पीछे, बंपर के बाद. समझा?”

“समझा भिया.”

“क्या समझा?”

“नीचे.”

“और खाली?”

“खाली कुछ नी करना,” समीर म्हणाला, आणि हसू लपवायला बॉनेटमध्ये वाकला.

सायलेन्सर दुसऱ्या गाडीचा होता, पण भरलेला. आवाज जुन्यासारखा हुबेहूब नव्हता, थोडा जाड होता. होस नवा, म्हणून धूर जवळजवळ नाही, जो होता तो मागे जमिनीला घासून जात होता. मॅप चढवला नाहीच. निशांतने पुन्हा विचारलं नाही, फक्त मोबाइलवर आकडे दाखवून म्हणाला, “बूस्ट एकदम ओके, काका.” हे मात्र बाळकृष्णाला आवडलं, पण त्याने दाखवलं नाही.

दुपारी खजरान्याला तबेल्यासमोर गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं. खाली उतरला नाही, आरशातच बघत राहिला. शरबतीने मान वळवली. कान एक पुढे, एक मागे. असं बराच वेळ. बाळकृष्णाने आरसा जरा वळवला. नकळत त्याने घशातून थोडी गुरगुर सुरू केली, मग लाज वाटून बंद केली.

दुसरा कान पुढे आला. ती चालत आली, फाळक्याला नाक लावलं, हुंगलं. फळीवर खूर ठेवला. चढली. आणि आत जाऊन, वळून, हौद्याच्या मधोमध, अगदी निवांत, शेपूट उचललं.

“चढी गई,” मांगीलालजी म्हणाले.

“दिसतंय,” बाळकृष्ण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं होतं. नंदानगरच्या गल्लीत तो पँट दुमडून हौद्यात उभा होता. ऊन लागल्यामुळे लीद सुकली होती, एका फटकाऱ्यात निघत होती. सुलोचनाने गुलाबांसाठी पाटी आणून हौद्याखाली धरली.

“काय चाललंय?”

“गाडी खाली करतोय.”

“कुठल्या भाषेत?”

बाळकृष्णाने खराटा थांबवला. हौद्यातलं रिकामं झालेलं टोक पाहिलं, मग तिच्या पाटीत पडलेला ढीग.

“दोन्ही,” तो म्हणाला. “पाटी जरा पुढे धर.”